आधी शेवटपर्यंत वाचा, मग दादाला बोला

अ‍ॅम्स्टेलवीन, ३ मे

ती. आई-बाबांना सा. न.

हे पत्र दादा प्रिंट काढून आणेल. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय, आईला फोनवरचं वाचताना डोळे बारीक करावे लागतात म्हणून. बाबा, तुम्ही उभ्याउभ्या वाचू नका, चष्मा घ्या, झोपाळ्यावर बसा, आणि मधेच कागद खाली ठेवून दादाला काही बोलू नका, त्याने एकट्याने काही केलेलं नाही. मी दोनदा फोनवर सांगायचा प्रयत्न केला. एकदा आई कोकमं फोडायला बसली होती, रस कोपरापर्यंत आला होता आणि ती इतकी खुशीत होती की मला धीरच झाला नाही. दुसऱ्यांदा बाबांनी फोन घेतला आणि नेहमीसारखं "इथे सगळं उत्तम, तुमची काळजी घ्या" म्हणून ठेवून दिला. म्हणून लिहितेय.

आम्ही दोघांनी, दादाने आणि मी, एक ठरवलंय. ते सांगतेच, पण आधी गेल्या रविवारचं सांगू दे, कारण ठरलं होतं आधीच पण माझं मन घट्ट झालं ते त्या दिवशी.

थोरलीच्या शाळेत पाण्यावर प्रोजेक्ट आहे, हॉलंडचं पाणी, बांध वगैरे. त्यासाठी आम्ही चौघं एन्कहाउझनला गेलो. अ‍ॅमस्टरडॅमहून ट्रेनने तासभर लागतो, रूळ तिथेच संपतात आणि पुढे पाणीच पाणी. स्टेशनजवळून बोटीत बसायचं आणि ती एका जुन्या गावाच्या धक्क्याला नेऊन सोडते. गाव म्हणजे झाउडरझे म्युझियमचा उघड्यावरचा भाग. झाउडरझे हा इथला समुद्र होता बाबा, जमिनीत आत घुसलेला, आपल्या दाभोळच्या खाडीच्या कितीतरी पट मोठा. त्याच्या काठची मासेमारी करणारी गावं, त्यांची घरं, दुकानं, चुन्याच्या भट्ट्या, सगळं मूळ जागेवरून उचलून इथे आणून परत उभं केलंय. बरीचशी घरं सुटी करून आणली, काही तर अख्खीच्या अख्खी पाण्यावरून. १९८३ पासून लोक ती बघायला येतात. पण बघायला म्हणजे दोरीच्या पलीकडून नाही, सरळ घरात जायचं, खुर्चीवर बसायचं. एका घरात जुन्या पद्धतीचे कपडे घालून एक बाई खिडकीशी बटाटे सोलत बसली होती, तिने छोटूला जवळ बोलावून एक बटाटा आणि सुरी त्याच्या हातात दिली. आई, ती अगदी आपल्या पेठेतल्या मावशींसारखी होती, तशीच कमरेवर हात ठेवून उठायची.

बाबा, तुम्हाला काय आवडलं असतं सांगू? मासे धुरावायची खोली. लांब सळईत हेरिंग डोळ्यातून ओवलेले, एकाला एक लागून, काळ्याकुट्ट भिंती, खाली लाकडाचा भुसा धुमसत होता. एका माणसाने सळई बाहेर काढली तर मासे सोन्यासारखे पिवळे झाले होते. कागदात गुंडाळून देतात, तिथेच उभं राहून खायचं. तुमच्या जावयांनी दोन खाल्ले, हाताचा वास ट्रेनमध्ये पण जात नव्हता आणि मला सारखी आजीची आठवण येत होती, पावसाळ्याआधी मागच्या पडवीत सुके बांगडे डब्यात भरताना मधेच एक चुलीत भाजून आम्हाला वाटून द्यायची ती. छोटू म्हणाला, एक आजोबांना पाठवूया. त्याला सांगितलं कस्टमवाले सोडणार नाहीत.

मग दोर वळायची जागा. तीन सुतं आकड्यांना लावायची, एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने पलीकडून ताणून धरायचं. थोरली फिरवत होती, छोटू धरून उभा होता, पीळ बसत गेला तसा दोर आखडतो ना, तो पुढे पुढे ओढला जात होता पण सोडेना. तो हातभर दोर आता माझ्या किचनच्या खुंटीला आहे.

आणि औषधाच्या दुकानात भिंतीवर लाकडी मुंडकी आहेत, सगळी आ वासलेली, काहींची जीभ बाहेर. पूर्वी इथे औषधाच्या दुकानावर तशी मुंडकी लावायचे, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं की इथे गोळ्या मिळतात. थोरलीने बघितल्याबरोबर म्हटलं, "हे आजोबा, बीपीची गोळी घेताना." बाबा, विषय निघालाच आहे तर, मागच्या आठवड्यात दोन दिवस गोळी घेतली नव्हती हे मला आईने सांगितलंय. तिला रागावू नका. गोळी रोज सकाळी चहाआधी, पाकिटावर वार लिहिलेत ते बघूनच घ्यायची.

हं. आता मूळ मुद्दा.

उर्कचं एक घर आहे तिथे. उर्क म्हणजे बेट होतं, सगळे कोळी. दीड खोलीचं घर, भिंतीतच फडताळासारखं दार आणि त्या फडताळात झोपायची जागा. आपल्या माजघरातल्या फडताळापेक्षा थोडं मोठं, एवढ्यात नवरा-बायको आणि पायाशी लहान मूल. पाय पसरता येत नाहीत, उशांना टेकून अर्धवट बसूनच झोपायचे म्हणे. मी दार उघडून आत वाकून बघितलं, आत गवताच्या गादीचा कोंदट वास आणि अंधार. आणि बाहेर आले तर समोर माळ्याला लावलेली शिडी. सरळ उभी, अरुंद पायऱ्या, वरच्या दोन झिजलेल्या.

आई, माझे पाय तिथेच थांबले. आपली शिडी. सेम.

२२ जुलै २०२१. सकाळी तुझा फोन आला होता, "अंगणात पाणी आलंय, सामान वर घेतोय, बाबा सोबत आहेत, काळजी करू नको", आणि नंतर लागलाच नाही. आठवडाभर आधी इथे लिम्बुर्गमध्ये पूर आला होता, तेव्हा तूच घाबरून मला चार-चारदा फोन करत होतीस, तिकडे पाणी आलं का, मुलांना शाळेत पाठवू नको, आणि मी हसून सांगत होते अगं ते खूप लांब आहे माझ्यापासून. मग आठवड्याने पाणी तुझ्या घरात. दीड दिवस मी फोन हातात घेऊन बसले होते. बातम्यांमध्ये चिपळूणचा बाजार दाखवत होते आणि मी त्यात आपलं कौल शोधत होते. नंतर कळलं तुम्ही दोघं माळ्यावर होतात, अंधारात, जुन्या चादरीवर, देवांचं ताम्हन मांडीवर घेऊन, एक फरसाणचा पुडा आणि एक बाटली पाणी. बाबांनी शिडीवरून आधी आईला चढवलं, मग देव, मग स्वतः. तेव्हा बाबा बहात्तर वर्षांचे होते आणि गुडघा बरा होता.

आता मला सांगा, यंदा पाणी भरलं तर बाबा ती शिडी कशी चढणार?

बाबा, मला माहितीय तुम्ही म्हणाल "पाणी भरतं, उतरतं, आपण चिपळूणकर आहोत". मीही चिपळूणचीच आहे. लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन पुलाजवळ वाशिष्ठी बघायला न्यायचात, लाल पाणी, मधूनच एखादं झाड वाहत जाताना दिसायचं, तुमच्या डोक्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचे मी आणि मला अजिबात भीती वाटायची नाही. त्या खांद्यावरून मला वाटायचं पाणी आपल्यापर्यंत येऊच शकत नाही. ते वाटणं २००५ च्या पुरात गेलं. तुम्ही ओटीच्या भिंतीवर निळ्या रंगाने २००५ ची रेघ मारलीत. २०२१ ची रेघ मारायला तुम्हाला स्टूल घ्यावं लागलं होतं. तिसरी रेघ मला नकोय बाबा.

इथल्या लोकांचं थोरलीच्या प्रोजेक्टमुळे बरंच वाचलं. लेली नावाच्या इंजिनिअरने १८९१ मध्येच हा समुद्र बांध घालून अडवायचा आराखडा करून ठेवला होता. खर्च बघून सगळे गप्प बसले. मग १९१६ च्या जानेवारीत रात्रीचं तुफान आलं, बांध फुटले, मार्कनमध्ये १६ माणसं गेली. मार्कन म्हणजे २०१९ मध्ये आपण गेलो होतो ते, लाकडी हिरवी-काळी घरं, खांबांवर उचललेली, आई म्हणाली होती की खालून पाणी जावं म्हणून केलंय वाटतं, आणि तेच कारण होतं. त्या तुफानानंतर दोन वर्षांत कायदा झाला आणि २८ मे १९३२ ला बांध पुरा झाला, ३२ किलोमीटरचा. म्हणजे आराखडा पंचवीस वर्षं कपाटात होता आणि माणसं गेल्यावर तो बाहेर निघाला. २००५ नंतर दादा म्हणाला होता पुण्याला चला. सोळा वर्षं आपण सगळे "बघू" म्हणालो. मीसुद्धा. दरवर्षी मे महिन्यात म्हणायचे यंदा बोलते, आणि दिवाळी यायची. फेब्रुवारीत आई न्हाणीत घसरली, मनगट मोडलं, ते आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, तेही वहिनीला व्हिडिओ कॉलवर प्लास्टर दिसलं म्हणून. तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं.

तर ऐका. दादाच्या सोसायटीच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये, कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट १ जूनपासून भाड्याने घेतलाय. डिपॉझिट भरलंय. ट्रक २६ मेचा सांगितलाय. चिपळूणचं घर विकायचं नाहीये, कोणाला भाड्याने द्यायचं नाहीये, पाडायचं तर नाहीच. हे परत वाचा. विकायचं नाहीये. कुलूप लावायचं, किल्ली शेजारच्या काकांकडे, आठवड्याला दार उघडून झाडून घ्यायला सांगितलंय.

तुम्हाला विचारलं नाही, हे चुकलं. ते मला टोचतंय, रोज टोचतं. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि तुम्ही नाही म्हटल्यावर तुमच्या विरुद्ध जायची माझी हिंमत कधीच झालेली नाही बाबा, लग्न सोडून. आणि मी इथे सात हजार किलोमीटरवर बसून तुम्हाला हे सांगतेय, जी स्वतः येऊन राहत नाही ती, हेही मला कळतं. मी जवळ असते तर कदाचित हे करावं लागलं नसतं. पण मी जवळ नाहीये आणि पाणी विचारून येत नाही.

बाबा तुम्ही म्हणाल, डच लोकांनी बांध घातला, गाव सोडून पळाले नाहीत. खरं आहे. वाशिष्ठीतला गाळ काढायच्या उपोषणाला तुम्ही जाऊन बसलात, गाळ निघालाही, लोटिस्मा वाचनालयाची भिजलेली पुस्तकं तुम्ही एकेक पान उघडून वाळवलीत, त्यानंतर आठवडाभर खोकत होतात. ते सगळं तुम्ही केलंत, आणि मला त्याचा अभिमान आहे, मुलांना सांगते मी. पण सगळ्याच जागी बांध पुरला नाही इथे. स्खोकलंड म्हणून एक बेट होतं, तिथल्या साडेसहाशेएक माणसांना १८५९ मध्ये राजाच्या हुकमाने बेट सोडावं लागलं, समुद्र दरवर्षी जमीन खात होता म्हणून. कोणी काम्पनला गेले, कोणी फोलेंडामला. हे वाचून मला घरी आल्यावर रडू आलं. हुकूम आणणारं माणूस आपण झालो असं वाटलं. पण त्यांचं परत जायला काही उरलं नाही आणि तुमचं घर आहे तिथेच आहे, गणपतीला आपण सगळे तिथे असणार आहोत, आम्ही चौघं तिकिटं काढलीत, पाचही दिवस. मखर तुम्हीच करायचं. आरतीला शेजारचे येतात तसेच येतील. गौरी बसतील. पाऊस जास्त वाटला तर दादाची गाडी दारात उभी असेल, एवढंच.

आता आई, तुझ्यासाठी, कारण तू काय विचारशील ते मला माहितीय. किचनला मोठी खिडकी आहे, पूर्वेची. ओटा तुझ्या उंचीचा आहे, वहिनीने जाऊन मोजला, तुला हात वर करून काम करावं लागणार नाही. बाथरूम बेडरूमला लागून, रात्री अंगणातून टॉर्च घेऊन जायचं नाही, कमोडच्या दोन्ही बाजूला धरायला दांडे बसवून घेतलेत, फरशी खरखरीत आहे, मुद्दाम बघून घेतली. लिफ्ट आहे आणि लाइट गेली तर जनरेटरवर चालते. गच्चीवर दुपारभर ऊन असतं, पुढच्या वर्षी कोकमं तिथे वाळव. यंदाची होईपर्यंत थांबलोय म्हणूनच ट्रक २६ चा घेतलाय, नाहीतर दादा १५ म्हणत होता. मासे मिळतात, ताजे, दादा आता बुधवार-शुक्रवार-रविवार तिथूनच आणतो. आपल्या बंदरावरची चव नाही येणार, खोटं कशाला सांगू, पण बांगडा चांगला असतो. बाबांना चालायला समोर बाग आहे, सपाट, बाकं आहेत, सकाळी तिथे पेन्शनर मंडळी पेपर घेऊन बसतात, त्यात एक निवृत्त मास्तर गुहागरचे आहेत. लायब्ररी चालत सात मिनिटं. दादाने बाबांच्या चालीने चालून बघितलं, दहा लागली.

झोपाळा येतोय. कड्या, पाटली, सगळं. घरमालकांना आधी तेच विचारलं होतं, स्लॅबला हुक आहेत का, नसतील तर घर नको. आहेत. दादाने उंची मोजलीय. पाटा-वरवंटाही आण, मिक्सरच्या वाटणाला तुझी नाकं मुरडणं मला माहितीय. त्या म्युझियममध्ये मला एकाच गोष्टीने बरं वाटलं, त्यांनी घरं नुसती आणली नाहीत, भांडी तशीच फळीवर, खुर्ची त्याच खिडकीशी. आपणही तसंच करू. माजघरात जी वस्तू ज्या बाजूला आहे ना, थोरलीने मागच्या वर्षी काढलेला व्हिडिओ आहे माझ्याकडे, त्यावरून वहिनी तशीच लावेल. आल्यावर चूक वाटली तर बदल, तुझं घर आहे.

आता मी सांगते तसंच करायचं.

बाबांनी शिडीला हात लावायचा नाही. माळ्यावरचं सगळं दादा शनिवारी येऊन काढेल. आईने त्या हाताने पाव किलोच्या वर काही उचलायचं नाही, लोणच्याची बरणीसुद्धा नाही, बरणी दादाला सांग. पेन्शनची फाइल, घराचे कागद, दोघांची आधार कार्डं, डोळ्याच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आजच वरच्या कपाटात ठेवा, उद्या नाही. गॅस सिलिंडरचं दादा बघेल. आत्याला आत्ताच फोन करू नका, ती रडेल आणि तुम्हाला रडवेल, ट्रक भरायच्या दोन दिवस आधी सांगा. भिजलेले फोटो फेकू नका, चिकटलेले असले तरी, मी येईन तेव्हा बघते सुटतात का. आणि कृपा करून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बरोबर घेऊ नका बाबा. बरं, २०२१ चा एक घ्या.

रागावला असाल तर रागवा, फोनवर बोला मला, जे बोलायचं ते. दादाला नको, त्याला दोन दिवसांपासून झोप नाही, तुमच्यासमोर हे पत्र ठेवायचं म्हणून. आणि पटत नसेल तर एवढंच करा, पावसाळ्याचे चार महिने राहून बघा. जून ते सप्टेंबर. मग गणपती झाल्यावर ओटीवर बसून बोलू, मी समोर असेन, तेव्हा जे म्हणाल ते ऐकेन. माझी इच्छा काय आहे ते तुम्हाला कळलंच असेल, पण ती आत्ता नाही लिहीत.

रोज रात्री इथे पाऊस लागला की मी फोनवर चिपळूणचं हवामान बघते, पाच वर्षं होत आली ही सवय. यंदा जूनमध्ये मला कोथरूडचं बघायचंय. तिथे पाऊस पडला तर पडू दे.

मुलांचा नमस्कार. छोटूने दोराचं चित्र काढलंय, पाठीमागे जोडलंय. जावयांचा नमस्कार, ते म्हणाले बाबांना सांग धुरावलेल्या माशाची रेसिपी विचारून घेतलीय, गणपतीनंतर परसात करून बघू.

तुमची,
बाय

ता. क. आई, देवांचं ताम्हन ट्रकमध्ये घालू नको. तू मांडीवर घेऊन ये. दादा पुढच्या सीटवर जागा मोकळी ठेवणार आहे.